घरात पॅरलल किती आहेत?

टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून बोलणं आणि इंटरनेट एकाच वेळी जातं, पण दोघांची पट्टी वेगळी. माणसाचा आवाज चार किलोहर्ट्झच्या आत मावतो. एडीएसएलचा मॉडेम २५ किलोहर्ट्झच्या आसपास सुरू होतो आणि एडीएसएल २ प्लस असेल तर २.२ मेगाहर्ट्झपर्यंत चढतो. फोनला लागते त्याच्या पाचशेपट जागा त्याला लागते. त्यामुळे फोनवर आवाज स्वच्छ येतो, एवढ्यावरून तार चांगली आहे असं मुळीच ठरत नाही. २०२०च्या पावसाळ्यात साताऱ्यातल्या आमच्या घरात सगळं घोडं अडलं होतं ते नेमकं इथेच.

मी ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. कॉलेज बंद, तास ऑनलाइन. आमच्या गल्लीत फायबर अजून आलं नव्हतं आणि जुन्या घराच्या जाड भिंतींमुळे मोबाइलची रेंज अंगणातच काय ती मिळायची. भिस्त सगळी लॅण्डलाइनच्या ब्रॉडबँडवर. प्लॅन १० एमबीपीएसचा. मॉडेमच्या पानावर मात्र सिंक स्पीड दोनच्या आसपास दिसायचा, संध्याकाळी तो एकच्याही खाली उतरायचा. आणि तास चालू असताना घरचा फोन वाजला की मॉडेमवरचा डीएसएलचा दिवा लुकलुकायला लागायचा, जोडणी तुटायची. जावळीकडच्या खेड्यांतली काही मुलं रेंजसाठी डोंगराच्या सोंडेवर जाऊन बसायची, भर पावसात, छत्री धरून. ती तिथे टिकून असायची आणि गावात पक्क्या छपराखाली बसलेली मीच तासातून गळायची. याचा मला फार त्रास व्हायचा.

सरकारी व्याख्येप्रमाणे २०१३ पासून ५१२ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड. ही मर्यादा दोन एमबीपीएसवर गेली ती २०२३ मध्ये. म्हणजे आमचं रडतखडत चाललेलं कनेक्शन त्या वेळच्या व्याख्येत व्यवस्थित बसत होतं! कंपनीच्या मदत क्रमांकावरून दर वेळी एकच सल्ला मिळायचा, मॉडेम बंद करून पुन्हा सुरू करा.

लाइनमन मात्र मनापासून काम करणारा माणूस निघाला. मास्क लावून, पावसात खांबावर चढून त्याने डीपी, म्हणजे गल्लीतल्या जोडण्यांची पेटी, उघडली, तिथून घरापर्यंतची ड्रॉप वायर नवी टाकली. वेगात काडीचा फरक पडला नाही. "मॅडम, डीपीपर्यंत लाइन एकदम क्लीन आहे," तो म्हणाला. पिशवी आवरून निघता निघता त्याने ओट्यापाशी उभ्या असलेल्या आईला विचारलं, "मावशी, घरात पॅरलल किती आहेत?"

आई म्हणाली, "आता एकच फोन आहे, माझा, स्वयंपाकघरातला."

"फोन नाही विचारत. वायरी किती टाकल्यात?"

हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. घराचा नकाशा आईच्या डोक्यात होता, तो तिने एकेक करून सांगितला. फोन आला तेव्हा बाबांनी तो पुढच्या खोलीत, दाराशी बसवला, कारण अर्धी पेठ आमच्याकडे निरोप ठेवायची. तिथून काकांच्या दवाखान्यात एक वायर गेली. आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा वरच्या मागच्या खोलीत त्यांच्या उशाशी फोन हवा म्हणून माळ्यावरून फिरवून दुसरी नेली. पुढे स्वयंपाकघरात तिसरी. दवाखाना कधीच बंद झाला होता, आजोबांना जाऊन कित्येक वर्षं लोटली होती. फोन उचलून ठेवले गेले, वायरी जागच्या जागी राहिल्या. मॉडेम वरच्या खोलीत माझ्या टेबलावर होता, म्हणजे आजोबांसाठी ओढलेल्याच वायरीवर तो चालत होता.

लाइनमनचं काम रोझेटपाशी संपतं. आतलं ज्याचं त्याने बघायचं. मी बघायचं ठरवलं.

ड्रॉप वायर घरात येऊन ज्या छोट्या डबीत जोडली जाते ती रोझेट. तारेवर एरवी ४८ व्होल्ट डीसी असतात, पण रिंग आली की ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो, म्हणून उघड्या तारांना हात लावायचा नाही, पेचकस इन्सुलेशनचा घ्यायचा. आत एकाच स्क्रूखाली चार तारा कोंबलेल्या होत्या. बाहेरून आलेली जोडी तेवढी ठेवून आतल्या सगळ्या मोकळ्या केल्या, मॉडेम खाली आणून छोट्या केबलने थेट रोझेटला लावला. डीएसएलचा दिवा स्थिरावला आणि पानावर १५ एमबीपीएसच्या वर सिंक दिसला. मॉडेम तोच, बाहेरची तार तीच. उरलेलं सगळं दुखणं घरातलं होतं.

मग एकेक जोडी परत जोडून आकडे पाहिले. या तपासणीसाठी सिंकचाच आकडा बघावा. इंटरनेटवरच्या स्पीड टेस्टमध्ये वायफाय, प्लॅनची मर्यादा, पलीकडची गर्दी असं सगळं मिसळतं. सिंक म्हणजे फक्त मॉडेम आणि एक्स्चेंज यांच्यातला करार. सोबत लाइन अॅटेन्युएशन, म्हणजे वाटेत संदेश किती क्षीण होतो ते, आणि एसएनआर मार्जिन, म्हणजे गोंगाटापुढे संदेशाला किती मोकळीक उरते ते, बघावं. मार्जिन सहा डेसिबलच्या खाली जायला लागलं की लाइन कधीही तुटू शकते.

माळ्यावरची जोडी नुसती लावली, दुसऱ्या टोकाला काहीही नसताना, तरी वेग धाडकन खाली आला. इथे मी थांबून कागद घेतला. वायर मोजली तर ४० मीटरच्या आसपास भरली. उघड्या टोकाच्या वायरीत शिरलेली लहर टोकाला आपटून परत येते. वायरीची लांबी तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाएवढी असेल, तर जाऊन येऊन ती अर्धी तरंगलांबी कापते, मूळ लहरीच्या बरोबर उलट्या कलेत पोहोचते आणि तिला खोडून टाकते. तांब्याच्या जोडतारेत लहरीचा वेग सेकंदाला साधारण वीस कोटी मीटर. त्याला चार गुणिले चाळीस, म्हणजे १६० ने भागलं की येतात १.२५ मेगाहर्ट्झ. एडीएसएल २ प्लसच्या पट्टीच्या ऐन मध्यावर! बारावीच्या प्रयोगशाळेत अनुनाद नळी आणि नादकाटा घेऊन आम्ही ध्वनीचा वेग काढतो, त्यातलंच हे सूत्र. तिथे आवाज वाढतो, इथे संदेश मरतो, एवढाच फरक. चार किलोहर्ट्झच्या आतल्या बोलण्याच्या लहरी इतक्या लांब असतात, की चाळीस मीटरची शेपटी त्यांच्या गावीही नसते.

स्वयंपाकघराच्या वायरीचं दुखणं वेगळं. ती चपटी होती, बिनपिळाची. दोन तारांना एकमेकींभोवती पीळ दिला की बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो आणि वजा होतो. ग्रॅहॅम बेलने याचं पेटंट १८८१ मध्येच घेतलेलं आहे. आमची चपटी वायर इन्व्हर्टर आणि फ्रिजच्या वायरीबरोबर एकाच केसिंगमधून गेली होती. शिवाय त्या टोकाला आईचा फोन बिनस्प्लिटरचा होता, म्हणजे फोन आणि इंटरनेट यांच्या पट्ट्या वेगळ्या करणारी डबी मध्ये नव्हती. रिंग वाजली की लाइन का तुटते याचं उत्तर तिथेच होतं.

दवाखान्याच्या वायरीचा जोड भिंतीत ओल येते तिथे सापडला. तारा हाताने पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली, आत तांबं हिरवं पडलेलं. दोन्ही टोकं मोकळी करून मल्टिमीटर लावला, तर दोन तारांमध्ये जेमतेम ३० किलोओहमचा रोध. चांगल्या वायरीत तो मेगाओहममध्ये असायला हवा. पावसाळ्यात फोनवर होणारी बारीक खरखर आम्ही हवामानाच्या खाती टाकत आलो होतो.

दुरुस्तीला खर्च असा झालाच नाही. माळ्यावरची आणि दवाखान्याची, दोन्ही जोड्या रोझेटमधूनच काढून टाकल्या. स्प्लिटर रोझेटच्या लगेच पुढे बसवला, म्हणजे घरात शिरल्या शिरल्या फोन आणि इंटरनेट वेगळे झाले. त्याच्या फोनच्या खाचेतून नवी, पिळाची वायर वेगळ्या वाटेने स्वयंपाकघरात नेली. आईचा फोन जागचा हलला नाही, ही तिची एकच अट होती आणि ती रास्तही होती. मॉडेम पुढच्याच खोलीत राहिला. तिथून वर माझ्या टेबलापर्यंत लॅन केबल ओढली. ती शंभर मीटरपर्यंत बिनघोर चालते.

त्या रात्री फोन वाजवून बघितला. दिवा हलला नाही.

पुढच्या आठवड्यात अनुनाद नळी शिकवायची होती. मी मुलांना हेच गणित घातलं. डोंगरावरून तासाला बसणाऱ्या एका मुलीने उत्तर काढलं आणि लगेच विचारलं, "मॅम, वायर पूर्ण काढण्याऐवजी कापून दहाच मीटर ठेवली असती तर?" तिलाच काढायला लावलं. पाच मेगाहर्ट्झ. एडीएसएलच्या पट्टीच्या बाहेर, म्हणजे आमच्या लाइनला त्रास नाही. पण त्याच तारेवर उद्या व्हीडीएसएल आलं, तर त्याची पट्टी १७ मेगाहर्ट्झपर्यंत जाते, तेव्हा तीच दहा मीटरची शेपटी पुन्हा आडवी येईल. "मग मुळापासूनच काढलेली बरी," ती म्हणाली आणि पुढचं गणित मागितलं.