मोठ्यांचं ऐकणारी सुरैया

सुरैया गेली त्याला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. ३१ जानेवारी २००४ रोजी मुंबईत तिचा इंतकाल झाला, तेव्हा ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती. त्यानंतर तिच्यावर जे लेख माझ्या वाचनात आले त्यांपैकी बहुतेकांत एक अंगठी असते, एक समुद्र असतो, देव आनंद असतो आणि एक कठोर आजी असते. गाणं येतं ते शेवटच्या परिच्छेदात, तेही दोन ओळींत. मला हा क्रम उलटा करायचा आहे. आधी गाणं, मग तक्रार. तक्रारही आहेच, कारण जिच्यावर आपलं प्रेम असतं तिच्याकडूनच आपण हिशेब मागतो.

माझी सुरैयाशी ओळख रेडिओमुळे झाली. अब्बांना सकाळी विविधभारतीवर ‘भूले बिसरे गीत’ लागायचं. चहा, पावाचा तुकडा आणि त्या खरखरीतून येणारा एक स्वच्छ आवाज. लताबाईंचा आवाज उंच जाऊन चमकतो. सुरैयाचा आवाज जमिनीवरूनच चालतो, आपल्या शेजारून. शास्त्रीय गाण्याची रीतसर तालीम तिने घेतली नव्हती. नौशादसाहेबांनी ‘शारदा’ (१९४२) चित्रपटात तिला मेहताबसाठी गायला लावलं तेव्हा ती जेमतेम तेरा वर्षांची होती. तेरा वर्षांच्या मुलीचा गळा एका मोठ्या नायिकेच्या तोंडी शोभला, यातच सगळं आलं.

पुढे ती स्वतःची गाणी स्वतः गाणारी नायिका झाली. के. एल. सैगलसोबत तिने ‘तदबीर’ (१९४५), ‘उमर खय्याम’ (१९४६) आणि ‘परवाना’ (१९४७) हे चित्रपट केले. १९४७च्या जानेवारीत सैगल गेले. फाळणीनंतर नूरजहाँ आणि खुर्शीद पाकिस्तानात गेल्या. पडद्यावर दिसणारी आणि गाणारी बाई एकच, ही परंपरा इथे मुख्यतः सुरैयाच्या खांद्यावर आली. ‘प्यार की जीत’ (१९४८), ‘बडी बहन’ (१९४९), ‘दिल्लगी’ (१९४९) या चित्रपटांनी तिला शिखरावर नेलं. पण त्याच ‘बडी बहन’मध्ये लताबाईंचीही गाणी आहेत. म्हणजे एक जमाना आणि त्याच्या मागून येणारा दुसरा जमाना, दोन्ही एकाच चित्रपटात ऐकू येतात.

माझ्या दृष्टीने तिचं सर्वांत मोठं काम ‘मिर्झा गालिब’ (१९५४). दिग्दर्शक सोहराब मोदी, कथा सआदत हसन मंटोंची, संवाद राजिंदर सिंग बेदींचे, संगीत गुलाम मोहंमद यांचं. भारत भूषण गालिब झाला होता आणि सुरैया मोती बेगम. त्या वर्षीचं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक या चित्रपटाला मिळालं. तिने गालिबला जिवंत केलं असं पंडित नेहरूंनी तिला सांगितल्याची आठवण नेहमी सांगितली जाते. उर्दू शिकवणारी बाई म्हणून मी या वाक्यावर खुशाल सही करीन.

याचं कारण सांगते. मी सोलापुरात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. आमच्या घरची बोली दखनी, बाजारची मराठी आणि पुस्तकातली उर्दू. आमच्या मुलांच्या जिभेवर ‘काफ’ हे अक्षर चढत नाही, त्याचा ‘खे’ होतो. कलमचं ‘खलम’ होतं. ‘कब्र’ आणि ‘खबर’ यांत फरकच उरत नाही, आणि मग वर्गात हशा पिकतो. उत्तरेकडची मंडळी आमच्या उर्दूला हसतात हे आम्ही लहानपणापासून जाणतो. दिलीपकुमारांनी तरुण लताबाईंना, मराठी माणसाच्या उर्दूला डाळभाताचा वास येतो, असं सुनावलं होतं, हा किस्सा प्रसिद्धच आहे. लताबाईंनी चिडून न बसता मौलानांकडे उर्दूची शिकवणी लावली. मला या किश्शाचं दुःख होत नाही, उलट धीर येतो. जीभ शिकवता येते.

म्हणून दहावीच्या वर्गात गालिब आला की मी मोबाइलला छोटा स्पीकर जोडते आणि सुरैयाला बोलावते. गालिबचे दोन शब्द जोडणारा तो छोटासा ‘ए’, ज्याला आम्ही इजाफत म्हणतो, मुलांना फार छळतो. पुस्तकात तो नीट दिसतही नाही. सुरैया गाते तेव्हा तो ऐकू येतो. चालीत बसवण्यासाठी ती शब्द ताणत नाही, की भाव दाखवण्यासाठी तोडत नाही. कठीण शब्द ती घरातला शब्द असल्यासारखा उच्चारते. तलत महमूदसोबतच्या तिच्या युगलगीतात तर दोघंही इतक्या सबुरीने गातात, की मागच्या बाकावरचा, ज्याला शायरी म्हणजे परीक्षेचे चार मार्क वाटतात तो मुलगाही मान वर करतो. माझ्या पाठ-टाचणात जे साधत नाही ते तिथे तीन मिनिटांत होतं.

आता तक्रार. सुरैया फार मोठी अभिनेत्री होती असं मला वाटत नाही. गाणं सुरू असताना तिचा चेहरा बोलतो. ते संपलं की अनेकदा तिला हातांचं काय करावं हे कळत नाही. रडण्याच्या प्रसंगात ती सुंदर दिसते, आणि तिथेच ती कमी पडते, कारण रडणारी बाई सुंदर दिसायचं विसरलेली असते. ‘अनमोल घडी’त (१९४६) नायिका नूरजहाँ होती आणि ही तिची मैत्रीण. मैत्रिणीच्या प्रेमाआड स्वतःचं प्रेम लपवणारी ती बसंती मला तिच्या कितीतरी नायिकांपेक्षा खरी वाटते. तिने साठ-सत्तर चित्रपट केले. त्यांतले बरेच आज फक्त गाण्यांसाठी आठवतात. तोच त्याग, तोच गैरसमज, तोच प्रेमाचा त्रिकोण. ‘मिर्झा गालिब’बद्दलही मला एक खंत आहे. गालिबची खरी सोबत उमराव बेगमची. सात मुलं त्या बाईने लहानपणीच गमावली. निगार सुलतानाने ती भूमिका केली आहे, पण चित्रपटाचं मन मोती बेगमकडे आहे, आणि सुरैयाचा गळा इतका जबरदस्त, की प्रेक्षकाला घरातली ती बाई आठवतच नाही. अर्थात हा दोष सुरैयाचा नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे, आणि ती जितकी सुरैयाशी तितकीच आपल्याशी आहे.

१९४८ ते १९५१ या काळात देव आनंदसोबत तिने सात चित्रपट केले. दोघांना लग्न करायचं होतं. आजीने आणि मामाने ते होऊ दिलं नाही. मुलगा हिंदू, हे कारण. देव आनंदने १९५४ साली लग्न केलं. सुरैया अविवाहित राहिली. हे सगळं दोघांनी आपल्या हयातीत सांगितलेलं आहे. ही गोष्ट माझी दादी मोठ्या अभिमानाने सांगायची. “बडी नेक थी. बड्यां का सुनी, घर की इज्जत रख्खी.” आमच्या मोहल्ल्यातल्या सगळ्या बायकांचं हेच मत. सिनेमात काम करणारी बाई त्यांनी या एका कारणासाठी माफ केली होती.

मी इथे आंतरधर्मीय विवाहाची वकिली करायला बसलेली नाही. माझा प्रश्न साधा आहे. आपल्याकडे निकाहात मुलीची कबुली लागते. तिच्या तोंडून ‘कुबूल’ आल्याशिवाय निकाह होत नाही, हे आपण भाषणांत छाती फुगवून सांगतो. मग जी मुलगी आपल्या पायावर उभी होती, एका काळी सर्वांत जास्त मानधन घेणारी नायिका होती, तिच्या बाबतीत कबुली आजीची का चालली? कमाई तिची, मेहनत तिची आणि निर्णय मात्र दिवाणखान्यात बसलेल्यांचा. याला आपण नेकी म्हणतो. बी.एड.ला आम्हाला शिस्त आणि दहशत यांतला फरक शिकवला होता. मोहल्ल्यात तो अजून शिकवायचा आहे.

सुरैयाकडेही माझं मागणं आहे. ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) हा तिचा शेवटचा चित्रपट. त्यात सज्जाद हुसेन यांनी बांधलेलं तिचं गाणं ऐकलं की कळतं, गळा जराही थकलेला नव्हता. वय चौतीस. त्यानंतर चाळीस वर्षं ती मरीन ड्राइव्हच्या कृष्णा महलमध्ये राहिली आणि चित्रपटासाठी पुन्हा गायली नाही. अभिनय सोडला हे मी समजू शकते. पण तेराव्या वर्षी जी दुसरीसाठी गायली होती ती पुढेही गाऊ शकली असती. गालिबच्या उरलेल्या गझला होत्या, मीर होता, मोमिन होता. तिच्या प्रकृतीची आणि मनाची अवस्था तिलाच ठाऊक. पण श्रोत्याचाही काही हक्क असतो. मोठ्यांनी तिचं लग्न थांबवलं, गाणं मात्र तिने स्वतः थांबवलं. मला या दुसऱ्या गोष्टीचं दुःख जास्त आहे.

हे सगळं मी जुन्या सिनेमाच्या हौसेने लिहीत नाही. माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगी आहे. तिने नात म्हटली की स्टाफरूमच्या गप्पा बंद पडतात. ‘काफ’ तिचा इतका सुरेख, की मला हेवा वाटतो. गेल्या वर्षी आंतरशालेय गझल-गायनासाठी मी तिचं नाव पाठवायचं ठरवलं तेव्हा तिची अम्मी भेटायला आली. “टीचर, बच्ची अब बडी हो गई. लोगां क्या बोलेंगे?” मी म्हटलं, तिला विचारू या का? अम्मीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न विचारला होता. मुलगी दाराशी उभी होती. मान खाली. नाव गेलं नाही.

यंदा अर्ज पुन्हा आला आहे. मी अम्मीला पुन्हा बोलावलं आहे, आणि या वेळी अब्बांनाही. त्यांना मी सुरैयाचा ‘मिर्झा गालिब’ ऐकवणार आहे. अंगठीची गोष्ट सांगणार नाही. नंतर त्यांच्या समोरच मुलीला विचारणार आहे, तुला गायचं आहे का? ती ‘नाही’ म्हणाली तरी मला चालेल. पण ते तिने स्वतःच्या तोंडाने म्हणायला हवं.