लाल गाडीचं देणं

१ जून २०२३ ला एसटीला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. पहिली गाडी १९४८ साली अहमदनगरहून पुण्याला गेली, लाकडी बांधणीची बेडफोर्ड. ‘वारी लालपरीची’ हे एसटीचं प्रदर्शन निघालं, तेही एका बसमध्येच. संग्रहालयच गावोगाव हिंडलं, हे मला फार आवडलं.

माझं देणं मात्र धडगावच्या डोंगरात येणाऱ्या मुक्कामी गाडीचं आहे. संध्याकाळी ती शाळेपुढे उभी राहायची. चालक-वाहक ओसरीवर झोपायचे, जेवण कुठल्या ना कुठल्या घरून जायचं. पहाटे इंजिन घरघरलं की गाव उठायचं. दवाखान्याला निघालेली बाळंतीण, आमचूर विकायला नेणाऱ्या बाया, कोर्टाची तारीख असलेला म्हातारा, सगळ्यांची गाडी तीच.

मी नंदुरबारला खोली घेऊन शिकत होतो. आई अंधारात उठून भाकरी थापायची आणि फडक्यात बांधलेला डबा कंडक्टरमामांच्या हाती द्यायची. चांदसैलीचा घाट उतरून, तळोद्याला थांबून, तापी ओलांडून तो माझ्यापर्यंत पोहोचायचा. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की गाडीला उशीर व्हायचा, पण डबा चुकला नाही. आईने एकदा पैसे पुढे केले, तर मामा म्हणाले, “ताई, पोरगं पास होऊ द्या.” रिकामा डबा परत जाताना त्यात कधी आईच्या गोळ्या असत, कधी माझी चिठ्ठी. पहिल्या गाडीचे चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे यांची नावं इतिहासात आहेत. आमच्या गाडीवर माणसं बदलत राहिली. आमच्यासाठी ते ड्रायव्हरकाका आणि कंडक्टरमामा, बस्स. मी आज पगार घेतो, त्यात त्या सगळ्यांचा वाटा आहे.

१ जून २०२२ ला पहिल्या गाडीच्याच पुणे-नगर मार्गावर विजेवरची ‘शिवाई’ धावली, तिचं स्वागतच आहे. पण टपावर गाठोडी वाहणारी, दोरी ओढली की घंटी वाजणारी जुनी लाल गाडी भंगारात जाऊ नये. अशी एक गाडी नंदुरबारच्या आगारात जपून ठेवावी, शाळेच्या पोरांना आत चढून पाहू द्यावी. आपल्या घरात तिकिटांचा जुना ट्रे, पंच किंवा विद्यार्थी पास असेल, तर तो टाकू नका, त्या गाडीसाठी ठेवा. आणि या मागणीचं पत्र आगारप्रमुखांना आपण प्रत्येकाने लिहावं.