गाठ

मराठीतील ‘गाठ’ हा शब्द वर्गात शिकवताना आम्हां दोघींना नेहमी मौज वाटे. गाठ पडते, गाठ मारतात, गाठीला पैसा असतो. आमच्या विभागातील एका सहकारी बाईंच्या डाव्या स्तनात गाठ लागली आणि शब्दाचे हे सारे वैभव एकदम निरर्थक झाले.

बाईंना बारा वर्षे ल्यूपस आहे. लॅटिनमध्ये ल्यूपस म्हणजे लांडगा. या व्याधीत प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. क्वचित ती त्वचेखालील चरबीला लक्ष्य करते. चरबीतला हा प्रकार कापोसीने १८८३ मध्ये नोंदवला होता. स्तनातील असे रुग्ण टफानेलीने १९७१ मध्ये नोंदवले. याला ल्यूपस मॅस्टायटिस म्हणतात. कठीण गाठ, वर ओढलेली त्वचा, मॅमोग्राफीत संशयास्पद सावली: रूप थेट कर्करोगाचे.

भाईंदरच्या एका शल्यचिकित्सकांनी गाठ लगेच काढून टाकण्याचा सल्ला दिला. बाई मान डोलावून बाहेर आल्या. मुंबईतील संधिवाततज्ज्ञांनी मात्र थांबवले. “आधी जाड सुईने तुकडा काढा. या आजारात शस्त्रक्रियेची जखमच कधीकधी नवी सूज पेटवते.” त्याच दमात त्यांनी हेही सांगितले, की ल्यूपस आहे म्हणून ही गाठ ल्यूपसचीच असे धरून चालता येणार नाही, ल्यूपस असलेल्या स्त्रीला कर्करोगही होऊ शकतो. साम्यावरून अर्थ लावणाऱ्या आम्हां साहित्याच्या माणसांना हा दुहेरी संशय फार शिस्तीचा वाटला.

अहवालाला नऊ दिवस लागले. बाई रोज तास घेत होत्या. चरबीच्या पुंजक्यांत लिम्फोसाइट पेशींची गर्दी, मृत चरबीचे काचेसारखे झालेले पट्टे. कर्करोगाच्या पेशी नाहीत. क्षयरोगाचीही तपासणी झाली, आपल्याकडे ती करावीच लागते. लिम्फोमा हुबेहूब असाच दिसू शकतो, म्हणून पेशींवर विशेष रंजन-चाचण्याही केल्या.

उपचार जुन्याच ओळखीचे निघाले: हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, जोडीला थोडे दिवस स्टेरॉइड. मुळात हे हिवतापाचे औषध. २०२० च्या टाळेबंदीत करोनावरचा उपाय म्हणून त्यावर उड्या पडल्या, तेव्हा याच गोळ्यांसाठी बाई मीरा रोडपासून भाईंदरपर्यंत दुकाने पालथी घालत होत्या. ती चीड त्यांच्या बोलण्यात अजून आहे, आणि ती रास्त आहे.

गाठ आता विरली आहे. त्या जागी चरबी झडून खळगा पडला आहे. पुढची मॅमोग्राफी दिवाळीच्या सुट्टीत आहे. सोबत कोणी यायचे, यावर आमचा वाद चालू आहे.