गाण्यात न मावणारी चार वर्षे

पहिलवान आखाडा सोडतो, पोट सुटते, लोक विसरतात. मग काहीतरी मनाला लागते आणि तो पुन्हा लढायला उभा राहतो. 'सुलतान' (२०१६) या हिंदी चित्रपटाची ही कथा ठाऊक नाही असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात क्वचितच सापडेल. तान्हे मूल गमावल्यावर कुस्ती सोडलेला हरयाणाचा सुलतान, रक्तपेढीला पैसा हवा म्हणून परततो.

चांदूरला घरीच, टीव्हीवर, मी हा चित्रपट काकांसोबत पाहिला. काका तरुणपणी जत्रेतल्या दंगली गाजवीत. एका कुस्तीत गुडघा गेला आणि आखाडा सुटला तो कायमचाच. पडद्यावर सुलतानचे पोट एका गाण्यात आत गेले, तेव्हा पोरांनी टाळ्या पिटल्या. काका एवढेच म्हणाले, "एका गान्यात होते काय रे बाप्पा हे? मले तं उंबरठा ओलांडाले सा महिने लागले."

मला खाशाबा जाधव आठवले. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. लाल मातीत घडलेल्या त्या पायांना मॅट नवखी होती. पुढे १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मधल्या चार वर्षांत रोजचा घाम होता, आणि शेवटी प्रवासखर्चासाठी लोकांपुढे पसरलेला हात होता. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

चित्रपट आपल्याला सांगतो की जिद्द असली म्हणजे माणूस परततो. काकांच्या अंगी जिद्द काय कमी होती? आमच्या जिल्ह्याला व्यायामाची परंपराही मोठी. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनला भारतीय खेळ करून दाखविले. पण मोडक्या गुडघ्याला औषध लागते, खुराक लागतो आणि तोवर घरची चूल पेटती ठेवणारे कोणी लागते. काकांना असा खर्डेकर भेटला नाही. ते दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला गेले.

मित्रहो, आपल्याही वर्गात एखादे बाक मध्येच रिकामे होते. कोणी नापास होऊन घरी बसतो, कोणाची फी भरायची राहते. त्याला भेटून "जिद्द धर" म्हणणे सोपे आहे, आणि आपण तेवढेच म्हणून परततो. पुढच्या वेळी जाताना आपल्या वह्या, आपला वेळ आणि जमले तर थोडे पैसे सोबत न्यावेत, एवढेच मला सुचते.