तांबडा दिवा

आमच्या गल्लीत शांतता मिळते ती फक्त वीज गेल्यावर. एरवी सकाळपासून रात्री उशिरापर्यंत यंत्रमागांचा खटखटाट चालू असतो. बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत ज्यांचे नातेवाईक आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. इतरांनी एकदा आमच्याकडे चहाला यावे, मात्र मोठ्याने बोलण्याची तयारी ठेवून यावे. आम्ही त्या आवाजातच जन्मलो, त्यातच पाढे पाठ केले. आवाज चालू आहे हे आमच्या लक्षात येते ते तो थांबल्यावर!

अशा घरात बसून गाण्याचे ध्वनिमुद्रण करण्याचा उद्योग कोणी शहाणा माणूस करणार नाही. मी केला. त्याला कारण बाबांचा गळा.

बाबा मागावर काम करतात आणि दर गुरुवारी भजनी मंडळात गातात. दिवसभर मागाच्या वर आवाज काढायची सवय म्हणून असेल, पण त्यांची पट्टी चढी. मंडळातली पेटी काळी दोनच्या खाली उतरलेली मला आठवत नाही. तुकोबा, नामदेव झाले की पुरंदरदासांची कानडी पदे, आणि शेवटी भैरवी, असा क्रम. तबल्याचे काका घरी कानडी बोलणारे, पेटीवाले मराठी, आणि भांडण झालेच तर ते दोन्ही भाषांत, पण ते लयीवरून. पंडित भीमसेन जोशी अभंगही गात आणि दासरपदेही गात, हे आमच्या मंडळाचे सर्वांत मोठे प्रमाणपत्र. कोणी 'दोन भाषा कशाला' म्हणाले की तेवढे नाव पुरते.

गेल्या मार्गशीर्षात बाबांच्या गळ्यात थायरॉईडची गाठ निघाली. शस्त्रक्रिया ठरली. डॉक्टरांनी चित्र काढून समजावून सांगितले, की या ग्रंथीच्या मागून आणि वरून स्वरयंत्राकडे जाणाऱ्या बारीक नसा असतात. त्या जपूनच काम करतात, बहुतेकांचा आवाज काही आठवड्यांत पूर्ववत होतो, पण क्वचित घोगरेपणा राहतो किंवा वरचे स्वर लागत नाहीत. मग त्यांनी विचारले, "तुम्ही गाता का?"

बाबा म्हणाले, "नाही."

आईने त्यांच्याकडे पाहिले. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले. परतताना बसमध्ये कोणीच काही बोलले नाही. रात्री भांडी आवरता आवरता आई मला हळूच म्हणाली, "तुझं ते टेपचं यंत्र आहे ना, त्याचं काहीतरी बघ की."

आईच्या भाषेतले हे 'टेपचं यंत्र' म्हणजे हातात मावणारा डिजिटल रेकॉर्डर. त्यात टेप नसते, नखाएवढे एक कार्ड असते. गिटार वाजवणारा माझा एक मित्र नोकरीनिमित्त बंगळूरला गेला, तेव्हा संध्याकाळी एका दुकानाचे टॅलीवर हिशोब लिहून साठवलेल्या पैशांतून मी तो त्याच्याकडून घेतला होता. दोन पेन्सिल सेलवर चालतो. माथ्यावर मांजराच्या कानांसारखे दोन मायक्रोफोन, एकमेकांना तिरके छेदणारे. पडदा काड्याच्या पेटीएवढा. एकावर एक चार आवाज वेगवेगळे मुद्रित करून पुढे त्यांचे मिश्रण करता येते, म्हणजे घरबसल्या स्टुडिओ, असे मित्राने सांगितले होते. माहितीपुस्तिका मात्र त्याच्याकडून हरवली होती. ही गोष्ट मला तेव्हा किरकोळ वाटली.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला या यंत्राचे तत्त्व जड जात नाही. ही ध्वनीची रोजकीर्द आहे. सीडीच्या प्रमाणात बोलायचे तर हे यंत्र एका सेकंदात ४४,१०० वेळा हवेचा दाब मोजते आणि प्रत्येक वेळी एक आकडा लिहून ठेवते. माणसाच्या कानाला फार तर २०,००० कंपनांपर्यंत ऐकू येते. ती पकडायची तर दुपटीहून जास्त नोंदी हव्यात, म्हणून हा आकडा. १६ बिटांत लिहिले तर आवाजाच्या लहानमोठेपणाच्या ६५,५३६ पायऱ्या मिळतात, २४ बिटांत १ कोटी ६७ लाखांवर. मी २४ बिट आणि सेकंदाला ४८,००० नोंदी ठरवल्या. तासाला एक जीबीच्या आसपास जागा लागते. माझ्या ३२ जीबीच्या कार्डात तीस तास सहज मावणार होते, आणि बाबांकडे तर तीन आठवडे होते.

गोंधळ झाला तो शून्याचा. आमच्या शास्त्रात शून्य म्हणजे काही नाही आणि वजा म्हणजे तोटा. इथे शून्य हे छत! सगळा व्यवहार वजा आकड्यांत, आणि शून्याला पोचलात की दिवाळे. त्याच्या वरचा आवाज यंत्र लिहूच शकत नाही, लाटेचे शेंडे सपाट कापले जातात आणि ऐकताना चरचर येते. ती पुढे कोणत्याही उपायाने दुरुस्त होत नाही. पहिल्या चाचणीत बाबा बोलले तेव्हा काटा कसाबसा हलत होता म्हणून मी आवक वाढवली, आणि त्यांनी तार षड्ज लावल्याबरोबर पत्र्यावर खडे पडल्यासारखे ऐकू आले. तेव्हापासून सर्वांत मोठा आवाजही वजा बाराच्या आसपास राहील असे बघायला लागलो. कॅश क्रेडिटची मर्यादा असली म्हणून काठापर्यंत उचल करू नये, हे बँकिंगच्या तासाला ऐकले होते, ते इथे कळले.

चार पट्ट्यांचा प्रयोग तर पुरता फसला. घरगुती संगीतनिर्मितीची रीत अशी, की आधी मेट्रोनोमची टिकटिक लावायची, तिच्यावर पेटी, मग हेडफोनमधून पेटी ऐकत तबला, शेवटी गाणे. प्रत्येक जण आपापल्या वेळी येऊन वाजवून गेला तरी चालते. तबल्याचे काका कानांवर हेडफोन चढवून बसले. दहा आवर्तने निमूट वाजवली. भजनाची लय हळूहळू चढत जाते, आणि टिकटिक काही चढेना. त्यांनी हेडफोन काढून ठेवले. "हे माझ्याकडं बघत नाही," ते म्हणाले, "मी कुणाकडं बघून समेवर यायचं?" मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही.

तेव्हा सर्वांना एकत्र बसवायचे आणि एकदाच मुद्रण करायचे ठरले. मग कोण कुठे बसणार हाच सगळा हिशोब. अंतर दुप्पट केले की मोकळ्या जागेत आवाज सहा डेसिबलने उतरतो. त्यामुळे गाणारा जवळ, पेटी बाजूला, तबला मागे आणि टाळ पार दारापाशी. यात नवे काही नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांनी ग्रामोफोनसाठी गायिले तेव्हा मायक्रोफोनच नव्हता. एका कर्ण्यात तोंड घालून तीन मिनिटांच्या आसपास गाणे उरकायचे, आणि आवाजाच्या कंपनांनीच मेणावर रेघ कोरली जायची. विजेवरचे ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास आले. तोवर जगभरच्या वादकांचे मिश्रण हे खुर्च्या पुढेमागे सरकवूनच झाले. आमच्याकडे खुर्च्याऐवजी पाट होते, एवढाच फरक.

राहिला मागांचा प्रश्न. आणि इथे मला माझी बुद्धी अचाट वाटली हे कबूल केले पाहिजे. वर्तमानपत्रात सूचना आली होती, की दुरुस्तीसाठी रविवारी दहा ते चार वीजपुरवठा बंद. लोक अशा सूचनेला नावे ठेवतात. मी ती कापून खिशात ठेवली. वीज नाही म्हणजे माग नाहीत, पंखा नाही, शेजारचा फ्रीज नाही, तारांतून येणारी गुणगुण नाही. आणि आमचे यंत्र तर सेलवर चालते!

रविवारी दहा वाजून पाच मिनिटांनी गल्ली गप्प झाली. असली शांतता, की कोपऱ्यावरच्या नळाचे थेंब ऐकू यावेत. मंडळातले पाच जण आले होते. मी बटण दाबले. तांबडा दिवा लुकलुकू लागला, पडद्यावरच्या पट्ट्या आवाजाबरोबर नाचू लागल्या, हेडफोनमधून बाबांचा श्वासही ऐकू येत होता. मी मान हलवली आणि बाबांनी सुरुवात केली.

त्या दिवशी ते कसे गायिले हे मला सांगता येणार नाही. प्रयत्न करून पाहिला आणि खोडला. इतकेच सांगतो, की दोन अभंग आणि एक दासरपद झाल्यावर त्यांनी न ठरवता तिसराच एक अभंग उचलला. तो आजोबा गात असत, आणि मी त्यांच्याकडून कधीच ऐकला नव्हता. तार षड्जावर ते थांबले आणि तबल्याच्या काकांनी वाजवणे सोडून नुसते हात मांडीवर ठेवले.

संपल्यावर काकांनी विचारले, "आतेनु?" झाले का?

मी म्हणालो, "झालं."

चहा झाला, मंडळी गेली, आणि मी कार्ड उघडले. कार्डात काही नव्हते.

त्या यंत्राचे बटण दोनदा दाबायचे असते. पहिल्यांदा दाबले की ते सज्ज होते. दिवा लुकलुकतो, पट्ट्या नाचतात, हेडफोनमध्ये सगळे ऐकू येते, फक्त लिहिले जात नाही. दुसऱ्यांदा दाबले की दिवा स्थिर होतो आणि घड्याळ चालू लागते. मी तासभर पट्ट्यांकडे पाहत होतो. घड्याळ शून्यावर उभे होते, त्याच्याकडे पाहिले नाही. शून्याने मला दुसऱ्यांदा फसवले. लुकलुकणारी गोष्ट चालू असते ही माझी समजूत, स्कूटरच्या इंडिकेटरवरून झालेली. माहितीपुस्तिका कोणाकडून हरवली होती हे आठवून काही उपयोग नव्हता.

बाबांना रात्री सांगितले. त्यांनी मान वर केली नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "धोट्यातली कांडी संपली तरी माग चालतोच. आवाज तोच येतो. कापड होत नाही, एवढंच."

त्यांनी हे समजूत घालण्यासाठी म्हटले की रागाने, मला अजून कळलेले नाही.

शस्त्रक्रियेला चार दिवस राहिले होते आणि वीज जाण्याची काही आशा नव्हती. बुधवारी रात्री मधल्या खोलीत दोऱ्या बांधून घरातल्या सगळ्या वाकळा टांगल्या. पेटीवर मी, तबल्यावर काका, टाळ आईकडे. वाकळांनी खोलीतला घुमारा मेला, पण शेजारच्या मागाचा धक्का भिंतीतून येतच राहिला. जाड कापडाला वरचे स्वर अडतात, खालचे अडत नाहीत. ऐंशी कंपनांखालचे गाळायची सोय यंत्रात आहे, ती लावली. बटण दोनदा दाबले. दिवा स्थिर झालेला आईला दाखवला, काकांना दाखवला. एकेचाळीस मिनिटे मिळाली. बाबा दमलेले होते. तार षड्जाला स्पर्श करून लगेच खाली आले. आजोबांचा अभंग मी सुचवला, तर 'नको' म्हणाले.

पुढे संगणकावर ऑडॅसिटी नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीत मागाचा आवाज काढून टाकायचा प्रयत्न केला. तिथे नुसत्या गोंगाटाचा तुकडा दाखवला की ती तसलाच आवाज सगळीकडून वजा करते. पंख्यासारखा एकसारखा आवाज असेल तर छान जमते. मागाचा प्रत्येक ठोका निराळा. तो गेला नाहीच, उलट बाबा पाण्याखालून गात असल्यासारखे वाटू लागले. खालचे स्वर कमी करून पाहिले तर त्यांचा खर्जच पातळ झाला. चार रात्री खटपट केली आणि सगळे बदल रद्द केले. माग आहे तसा आहे. नीट ऐकले तर दुसऱ्या अभंगात तो काही मात्रा तबल्याच्या लयीत येतो आणि पुन्हा निसटतो.

शस्त्रक्रिया सुखरूप झाली. बोलणे पाच-सहा आठवड्यांत ठीक झाले. वरचे स्वर आले नाहीत. अजून येतील, वर्षभर वाट पाहा, असे डॉक्टर म्हणतात. तबल्याचे काका कुमार गंधर्वांचा दाखला घेऊन आले. कुमारजी इथल्याच सुळेभावीचे, १९२४ चा जन्म. ऐन भरात क्षयाने गाठले, फुप्फुस निकामी झाले, काही वर्षे गाणे बंद. आणि १९५३ मध्ये पुन्हा मैफलीत आले ते नव्याच गायकीने, उरलेल्या दमाला साजेल अशा. बाबांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ते कुमारजी. मी गुरुवारचा."

पण त्या रात्री त्यांनी हेडफोन मागितले. एकेचाळीस मिनिटे डोळे मिटून ऐकले. मी समोर बसून त्यांच्या गळ्यावरच्या व्रणाकडे पाहत होतो. शेवटी हेडफोन काढून म्हणाले, "दुसऱ्या अभंगात टाळ मागं पडलाय."

"माझं लक्ष तुमच्याकडं होतं," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

मागच्या आठवड्यात पुन्हा वर्तमानपत्रात सूचना आली, रविवारी दहा ते दोन. या वेळी ती बाबांनीच कापून ठेवली होती. मंडळी जमली. पेटीवाल्यांनी सवयीने काळी दोनवर बोट ठेवले. बाबांनी त्यांचा हात धरून पांढरी एकवर नेला, आणि थोडा वेळ कोणीच कोणाकडे पाहिले नाही. मग ते आजोबांच्या अभंगाची ओळ गुणगुणू लागले, या नव्या पट्टीत ती कुठे बसते ते चाचपत. मी यंत्र पुढे सरकवले. त्यांनी गुणगुणणे थांबवून माझ्याकडे पाहिले.

"दोनदा दाबलंस?"

मी घड्याळ त्यांच्याकडे वळवून दाखवले. सात सेकंद झाले होते.