घरातलं पहिलं मत

परवा पोस्टाने मतपत्रिका आली. पाकिटावर नाव फक्त लेकीचं. ती इथेच जन्मली, ऑगस्टमध्ये अठराची झाली. मी आणि नवरा अजून ग्रीन कार्डवाले. सनीव्हेलमध्ये इतकी वर्षं कर भरतोय, पण मत नाही. तुमच्यापैकी बऱ्याच घरांत हेच असेल.

जेवताना तिने विचारलं, "आई, आजोबांचं डिस्ट्रिक्ट कोणतं?"

तिला इथलं पाठ आहे. पूर्वी सनीव्हेलमध्ये कौन्सिलच्या सातही जागांना सगळं शहर मत द्यायचं आणि मेयर कौन्सिल आपल्यातूनच निवडायचं. मार्च २०२० मध्ये लोकांनी मेझर बी मंजूर केलं. आता सहा डिस्ट्रिक्ट, प्रत्येकाचा एक माणूस, आणि मेयर थेट मतदारांकडून.

मी उत्तर द्यायला गेले आणि अडले.

बाबा वाघोलीला असतात. तालुका हवेली. पूर्वी त्यांना ग्रामपंचायतीचा वॉर्ड होता, वर पंचायत समितीचा गण, त्याच्या वर जिल्हा परिषदेचा गट. वॉर्डातला सदस्य सकाळी देवळापाशी हमखास भेटायचा. ३० जून २०२१ ला वाघोलीसकट २३ गावं पुणे महापालिकेत गेली. ग्रामपंचायत संपली, गण-गटही गेले, कारण महापालिकेची हद्द जिल्हा परिषदेत धरत नाहीत. गावाने स्वतःचा नगरसेवक निवडायच्या आतच, मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आला. आज ऑक्टोबर २०२४, तरी निवडणूक नाही.

गाव शहरात गेलं याचं मला वाईट वाटत नाही. एवढ्या सोसायट्या ग्रामपंचायतीला झेपणाऱ्या नव्हत्याच. पण बाबांचा मिळकतकर इथून ऑनलाइन मीच भरते (घरात सीए असल्याचा तोटा!), आणि दरवेळी वाटतं, हा पैसा कुठे गेला हे विचारायचं कुणाला?

बाबांना फोन लावला. म्हणाले, "आमदारकीचं मत २० नोव्हेंबरला देणारच की. पण गटार तुंबलं तर आमदाराला फोन करू का गं?"

लेक स्पीकरवर ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे गटारासाठीचं मत आपल्यात फक्त मलाच?"

मला हसू आलं, मग नाही आलं.

तेव्हापासून रोज रात्री ती माहितीपुस्तिका घेऊन बसते, मेयरच्या उमेदवारांचं मोठ्याने वाचते आणि आम्हाला विचारते. आम्ही भांडतो. नवऱ्याला रस्ते हवेत, मला घरांचे नियम.

तुमच्याकडेही पाकीट आलं असेल तर एक सांगते. मुलं आतली पत्रिका नीट भरतात आणि बाहेर पाकिटावर सही करायची विसरतात. ५ नोव्हेंबरच्या आत टाका.