वीतभर महिरप

वाईच्या आमच्या वाड्यात माजघराच्या भिंतीत एक देवळी आहे. तिच्यावर चुन्याची महिरप आणि महिरपीच्या दोन खांद्यांवर दोन पक्षी. लहानपणी आम्ही भावंडं त्यांना कबुतरं म्हणायचो. दर लग्नकार्याला घराला रंग लागायचा आणि दर रंगाला ते पक्षी थोडे फुगायचे. आधी वर्षानुवर्षांची सफेती, मग निळा डिस्टेंपर, 1974 साली काकांच्या लग्नात पिस्त्याच्या रंगाचा ऑइलपेंट, त्यावर पुढे आणखी दोन हात. चोची बुजल्या, पंखांच्या रेघा भरून गेल्या.

आजीला ऑइलपेंटचं फार कौतुक होतं. देवळीत समई तेवायची, वर काजळी धरायची. ऑइलपेंट ओल्या फडक्यानं लख्ख पुसता यायचा. तिनं तो हौसेनं आणि घराच्या मायेनंच लावून घेतला. तिला दोष द्यायला माझं मन कधीच धजावणार नाही. पण त्या रंगानं भिंतीचा श्वास कोंडला, हेही खरंच.

चुन्याची भिंत म्हणजे काय, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात टाकला की खदखदतो, विरतो. मग वाळू घालून तो बैलाच्या घाण्यात मळायचा, त्यात कुठे गुळाचं, कुठे हिरड्याचं, कुठे बेलफळाचं पाणी घालायचं. भिंतीवर थापलेला हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड सावकाश परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. नक्षी कोरायची ती मधल्या ओल्या अवस्थेत. म्हणजे आमचे पक्षी दगडाचेच. मधे एकदा लोण्यासारखे मऊ झाले होते, तेवढ्यात कुणीतरी त्यांना पंख दिले.

या चुन्याला बारीक बारीक छिद्रं असतात. जोत्यातून चढलेली ओल त्यांतून हवेत उडून जाते. ऑइलपेंटनं ही वाट बंद होते. पाणी रंगामागे अडतं, त्यातले क्षार तिथेच साठून त्यांचे खडे होतात आणि आतला गिलावा भुसभुशीत होऊन झडतो. आपण म्हणतो, भिंतीला लोणा लागला. आमच्या देवळीखाली दर श्रावणात पोपडे सुटायचे आणि आम्ही दर दिवाळीला त्यावर रंग मारायचो. दुखणं झाकत होतो आणि वाढवत होतो.

शेवटी हे थर उतरवायचं ठरवलं. पहिल्यांदा बोलावलेल्या रंगाऱ्यानं एका दिवसात काम आटोपून द्यायचं कबूल केलं. यंत्रानं घासायचं, मग लांबी भरून गुळगुळीत करायचं. त्यानं यंत्र लावलं आणि महिरपीच्या टोकाचं एक पान, रंगासकट, पिठासारखं खाली आलं. ते पान गेलं ते गेलंच. त्याला नको म्हणायला मला उशीर झाला, ही हळहळ अजून आहे.

नंतर आले ते चुन्याचं काम जाणणारे मिस्त्री. वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी भिंतीवर आधी नुसता तळवा ठेवला, मग बोटाच्या पेरानं ठिकठिकाणी वाजवून पाहिलं. जिथे पोकळ वाजलं तिथे खडूनं खूण केली. म्हणाले, "ताई, घाई असेल तर मला सांगू नका."

आच देऊन रंग फुगवायचं त्यांनी साफ नाकारलं. जुन्या रंगात शिसं असतं; तापलं की त्याची वाफ आणि कोरडं घासलं की धूळ, दोन्ही शरीरात जातात. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत 90 भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. 1974 च्या डब्यात काय होतं कुणास ठाऊक. म्हणून नाकातोंडाला मास्क, नातवंडांना माजघरात बंदी, पृष्ठभाग ओलसर ठेवायचा आणि निघालेले तुकडे पिशवीत बांधायचे. कॉस्टिकही नको, कारण ते छिद्रांत मुरतं आणि पुढे क्षार होऊन बाहेर येतं. आम्लाचं तर नावच नको. शहाबादी फरशीवर लिंबू सांडलं की काय होतं, ते प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. चुना त्याच जातीचा.

मग उरला तो सौम्य लेप. वीतभर जागेवर जाड थर द्यायचा, वर प्लास्टिकचा कागद, थांबायचं. ऑइलपेंट मऊ पडला की बांबूच्या तासलेल्या काडीनं उचलायचा. लोखंडाला चुना हरतो, बांबूला हरत नाही. खालचा डिस्टेंपर कोमट पाण्याच्या बोळ्यानं विरघळून आला. त्याखालची सफेती कोरडीच, पापुद्र्यापापुद्र्यानं सुटली. दिवसाला एक वीत. दिवाळीनंतर सुरू केलेलं काम होळीला संपलं.

पक्षी कबुतरं नव्हती. बाकदार चोची निघाल्या, चोचीत फळ निघालं. पोपट! डावीकडच्या पोपटाचे पंख पाच रेघांचे, एका दमात ओढलेले, टोकाला निमुळते होत गेलेले. उजवीकडच्याला रेघा चारच. तिसरी मधेच थांबून पुन्हा ओढलेली, फळ किंचित मोठं झालेलं. मिस्त्री बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिले. म्हणाले, "हा वस्तादाचा आणि हा शिकाऊ पोराचा." दुसरं काही असेलही, पण मला त्यांचं पटलं. एकानं करून दाखवलं, दुसऱ्याला करू दिलं, आणि चुकलेली रेघ कुणी पुसली नाही.

एवढं दिसल्यावर मला हाव सुटली. अगदी तळापर्यंत जाऊ, म्हटलं. मिस्त्रींनी हात धरला. नक्षीला घट्ट चिकटलेली पहिली सफेती ही गिलाव्याची कातडीच, ती त्यांनी ठेवली. आतल्या कडेला बोटभर पट्टी न सोलता सोडली, तिथे पिस्ता, निळा, पांढरा असे थर पायरीपायरीनं दिसतात. गेलेल्या पानाची जागा मी मोकळीच ठेवायला सांगितली. बाकी भिंतीला चुन्याच्या निवळीचे पातळ हात दिले. या श्रावणात देवळीखाली एकही पोपडा सुटला नाही.

तुमच्या घरात, गावच्या वाड्यात, आजोळच्या देवघरात चुन्याची नक्षी असेल तर रंगाऱ्याच्या आधी चुना जाणणारा माणूस शोधा. कोपऱ्यातली वीतभर जागा, तो मागेल तेवढा वेळ देऊन, त्याला करू द्या. आणि तो नवा गिलावा लावायला बसेल तेव्हा घरातल्या एखाद्या तरुण मुलामुलीला त्याच्या शेजारी बसवा. आमच्या मिस्त्रींच्या हाताखाली आज कुणीही नाही.